सहासष्टाव्या पानावरची सही

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, एकरेघी, करड्या पुठ्ठ्याची. छापील पुस्तकाचा मान मला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पुस्तकात माणसाचं ठरून गेलेलं बोलणं असतं. माझ्यात माणूस अजून ठरवत असतो. खोडतो, बाण काढतो, समासात स्वतःलाच प्रश्न विचारतो. म्हणूनच लोक पुस्तक बाहेरच्या खोलीत मांडतात आणि वही उशीखाली ठेवतात.

माझा जन्म बांधणीच्या कारखान्यात झाला. मोठे ताव आले, त्यांच्यावर रेघा ओढल्या गेल्या, मग ते मधोमध दुमडून त्यांच्या जुड्या झाल्या. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी त्या दोऱ्यानं शिवल्या. त्यामुळे माझं कुठलंच पान सुटं नाही. एका तावाची दोन अंगं. एक इकडे, दुसरं चार-सहा पानं पलीकडे. एकाला ओढलं की दुसरं हलतं.

दुकानातून मला एका मुलीनं आणलं. घरी तिला थोरली म्हणत, कारण तिच्या मागे एक धाकटी होती. थोरली कॉलेजात साहित्य शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. आई एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. बाबा लिफ्टचे मिस्त्री होते. एका कंपनीकडून त्यांना शहरातल्या तेरा इमारतींच्या लिफ्टा दर महिन्याला तपासाव्या लागत. माणूस मोजकं बोलणारा. घरात एखादं दार कुरकुरलं तर कुणी सांगायच्या आत तेल घालून मोकळा होणारा.

थोरलीला जुन्या नाटकांचं वेड होतं. शेकडो वर्षांपूर्वीची ती नाटकं. त्यांत राजे असायचे, शाप असायचे, आणि शेवटच्या अंकात कुणीच धड राहायचं नाही. मॅडमनी वर्गाला निबंध घातला होता: या नाटकांत शेवटी सगळ्यांचा नाश होतो, तो कशामुळे? वाचलेल्या तीन नाटकांच्या आधारे लिहा.

सगळ्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं, नियती. थोरलीनंही माझ्या एकेचाळिसाव्या पानावर तेच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि पेन चावत बसली. तिचं समाधान होत नव्हतं. दोन दिवसांनी तिनं 'नियती' खोडलं. तिसऱ्या दिवशी परत लिहिलं. मग पुन्हा खोडलं, इतक्या जोरात की मागच्या पानावर वळ उठला.

त्याखाली तिनं जे लिहिलं ते असं होतं:

'प्रत्येक नाटकात पहिल्याच अंकात कुणाला तरी सगळं माहीत असतं. पण तो माणूस लहान असतो, म्हणून आपलं त्याच्याकडे लक्ष जात नाही. एकात सारथी आहे. रथाचा आख तडकलाय हे त्याला माहीत आहे. दुसऱ्यात दासी आहे. मागच्या दाराची कडी कुणी काढली ते तिनं पाहिलंय. तिसऱ्यात पत्र पोचवणारा आहे. त्यानं पत्र एक दिवस उशिरा दिलं आणि दिवस खोटा सांगितला. तिघंही गप्प बसतात. मोठी माणसं मरतात. मग उरलेले सगळे मिळून नियतीला बोल लावतात.'

हे लिहून झाल्यावर ती उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आली. मला कळलं की आता काहीतरी हाती लागलंय. पुढची दहा-बारा पानं तिनं भराभर भरली. सारथ्यावर तर ती तुटूनच पडली. 'भित्रा,' असं तिनं त्याला तीनदा म्हटलं.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या लिफ्टचा अपघात झाला.

तेरा इमारतींपैकी ती एक. दार उघडं असताना लिफ्ट खाली घसरली. धुलाईखान्यातली एक बाई चादरींची गाडी ढकलत आत शिरत होती. तिचा पाय सापडला. पाय वाचला, पण घोट्यापासून निकामी झाला. लिफ्ट चालवणारे होते मजलेकाका. खरं नाव कुणी घेत नसे. प्रत्येक मजला आला की ते गाण्यासारखं ओरडून सांगत, म्हणून मजलेकाका. त्यांनी जास्त माणसं भरली, असं ठरवून त्यांना घरी बसवलं गेलं. चौकशी सुरू झाली.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. आईनं ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं. थोरली मधल्या दाराशी मला उराशी धरून उभी होती. स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला.

"मी वर गेलोच नव्हतो गं त्या महिन्यात. सुपरवायझर म्हणाला, पाच इमारती उरल्यात, सह्या कर आणि मोकळा हो. मी केली सही."

आईनं ताट पुन्हा झाकलं. मग म्हणाली, "आणखी कुणाला माहितीये?"

"नाही."

"मग राहू दे तसंच. दोन मुली आहेत आपल्याला."

थोरलीची बोटं माझ्या पुठ्ठ्यात रुतली होती. त्यानंतर चार दिवस तिनं मला हात लावला नाही. पाचव्या दिवशी सहासष्टावं पान उघडलं आणि निबंधाच्या मधोमध, तशीच पुढे, बाबांची सगळी हकीकत लिहून काढली. कुठे अपघात झाला, सही कशी केली, आई काय म्हणाली. लिफ्टमधलं तिला काय कळणार? तिनं आपलं लिहिलं की 'दोर तुटला'. आणि खाली लिहिलं, 'आता मलाही माहीत आहे.'

मग ती परत सारथ्याकडे वळली. 'भित्रा' हा शब्द तिन्ही ठिकाणी खोडला. आणि चार-पाच पानं पुढे लिहिलं: 'त्या दिवशी सारथी घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला ताट वाढलं असेल. तो जेवला का, हे नाटककारानं सांगितलेलं नाही. सगळं नाटक मला त्या एका ताटाभोवती फिरताना दिसतं.'

निबंध स्वच्छ कागदावर उतरवताना तिनं बाबांचा सगळा भाग गाळला. ताटाची ओळ मात्र ठेवली. आणि त्याच ओळीनं तिचा घात केला.

बुधवारी विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. मी तिच्या पिशवीत होते. सर वयस्क होते, कोरड्या आवाजाचे, पण खवचट नव्हते.

"अठ्ठावीस वर्षं मी पेपर तपासतोय," ते म्हणाले. "ही ताटाची ओळ एकोणीस वर्षांच्या मुलीची नाही. कुठून उतरवलीस?"

"मीच लिहिलीये, सर."

"सगळे असंच म्हणतात. उतारा सापडला तर सगळं वर्ष रद्द होतं, ठाऊक आहे ना? परीक्षा मंडळाकडे नाव जातं."

मॅडम शेजारीच बसल्या होत्या. वाचनालयात खिडकीशी बसून थोरली माझ्यात हा निबंध घडवत होती, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एकदा तर माझ्यावर वाकून "हं, छान चाललंय" असंही म्हणाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ब्र काढला नाही. पुढ्यातले कागद सारखे करत राहिल्या.

"कच्चं लिखाण असेल ना?" सरांनी विचारलं.

थोरलीचा हात पिशवीवर आला. मला वाटलं, आता ती मला बाहेर काढणार. पण हात तिथेच थांबला.

"घरी आहे," ती म्हणाली.

"शुक्रवारी अकरा वाजता घेऊन ये. अख्खी वही. सुटे कागद चालणार नाहीत."

ती पिशवी छातीशी धरून बाहेर आली. मला दाखवलं तर ती सुटणार होती, पण सहासष्टावं पान सर वाचणार होते. हॉस्पिटलच्या चौकशीची बातमी शहरभर झालेली. दोन ओळी वाचल्या की कुणालाही कळलं असतं, बाप कोण आणि सही कुठली. न दाखवावं, तर वर्ष गेलं आणि नावाला बट्टा लागला तो कायमचा.

गुरुवारी संध्याकाळी धाकटी शिकवणीला आणि आई दुकानात असताना तिनं ब्लेड काढलं. सहासष्टावं पान उघडलं. माझ्या शिवणीला लागून तिनं पातं टेकवलं आणि खाली ओढलं. दोन बोटं पान कापलं गेलं असेल, एवढ्यात त्याच तावाचं दुसरं अंग ढिलं होऊन पुढे सरकलं. ते होतं एकाहत्तरावं पान. ताटाची ओळ त्याच पानावर होती. बाबांचं पान काढलं तर पुरावाच सुटून हातात येत होता. तिनं ब्लेड तसंच माझ्यात ठेवलं आणि डोकं धरून बसली.

मग तिला दुसरी युक्ती सुचली. धाकटीची एक कोरी वही घेतली आणि माझ्यातला निबंध तीत उतरवायला लागली, बाबांचा भाग वगळून. कच्चं लिखाण खरं वाटावं म्हणून मुद्दाम शब्द चुकवायचे, मग खोडायचे. 'नियती' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. समासात बाणही काढले. दीड पान झालं आणि पेन थांबलं. स्वतःशीच हसल्यासारखा एक विचित्र आवाज तिच्या गळ्यातून निघाला.

"आता मी खरंच उतरवतेय," ती पुटपुटली.

तिनं ते दीड पान फाडून चुरगाळलं. त्या घरात एवढी अवघडलेली संध्याकाळ मी दुसरी पाहिली नाही. आई आली, बाबा आले, चौघं जेवायला बसली आणि कुणी मीठसुद्धा मागितलं नाही.

शुक्रवारी सकाळी थोरली अंघोळीला गेली. मी टेबलावर होते. बाबा कामाच्या कपड्यांत चहाचा कप घेऊन आले आणि माझ्यातून डोकावणारं ब्लेड त्यांना दिसलं. धाकटीचा हात कापेल म्हणून ते काढायला त्यांनी मला उघडलं. ब्लेड होतं तिथेच मी उघडले.

पुठ्ठा गच्च मिटता आला असता तर मी मिटला असता. पण वहीच्या हातात तेवढं नसतं.

बाबांची बोटं जाड. कितीही धुतली तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच. ते एका बोटानं ओळ धरून, ओठ हलवत वाचू लागले. पान संपलं. परत वरून वाचलं. चहावर साय धरली. आतून आईनं विचारलं, "काय वाचताय एवढं?"

"काही नाही. पोरीची वही आहे."

'दोर तुटला' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. तिथून ते हलेना. मग त्यांनी खिशातलं पेन्सिलीचं थोटूक काढलं. मला वाटलं, आता ही सगळी हकीकत खोडली जाणार. पेन्सिल समासात टेकली. त्यांनी दाबून, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं:

'दोर तुटला नव्हता. दोर असा तुटत नसतो. ब्रेकचं लायनर झिजलं होतं. ते वरच्या मशीनरूममध्ये चढल्याशिवाय दिसत नाही. मी त्या महिन्यात चढलो नाही. तरी तपासलं म्हणून सही केली. लिफ्टमनची चूक नाही.'

त्याखाली पूर्ण सही आणि तारीख.  नंतर पेन्सिल खिशात जाईना. दोनदा बाहेरच घसरली.

थोरली केस पुसत आली. बाबांच्या हातात मला पाहून जागच्या जागी उभी राहिली. बाबांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि मला तिच्यापुढे धरलं.

"आज दाखवायचीये ना कॉलेजात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडमचा फोन आला होता काल. घाबरू नकोस म्हणाल्या." ते दाराकडे वळले. "पानं फाडू नकोस. शिवण सुटते."

त्यांनी वाचलं की नाही, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. वाटेत तिनं मला एकदाही उघडलं नाही. 

अकरा वाजता सरांनी मला हातात घेतलं. या वेळी मॅडम आधीच बोलल्या. "सर, मी बुधवारीच सांगायला हवं होतं. ही वही मी वाचनालयात पाहिलीये. लिहिताना पाहिलीये." सरांनी मान हलवली आणि एकेचाळिसाव्या पानापासून सुरुवात केली. 

"हे 'नियती' तू दोनदा खोडलंस. का?"

"ते लिहिलं की पुढे विचार करावा लागत नव्हता, सर."

त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पान उलटलं. बावन्न. साठ. चौसष्ट. थोरलीनं खुर्चीची कड पकडली. सहासष्टाव्या पानावर सर थांबले. कापलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. वाचलं. मग मला तिच्याकडे वळवून समासावर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

तिनं पाहिलं. आधी तिला अर्थच लागला नसावा, कारण ती फक्त सहीकडे बघत होती. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर हीच सही दरवर्षी असायची.

"बाबांचं," ती म्हणाली. 

"कधी लिहिलं?"

"आज सकाळी. मला... मला माहीत नव्हतं."

"हे मी वाचणार, हे त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

सरांनी एकाहत्तरावं पान काढलं, ताटाची ओळ वाचली, आणि मला मिटलं. "निबंध तुझा आहे. तसं आजच लिहून देतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या पानाबद्दल मी काही विचारणार नाही. तो माझा विषय नव्हे. पण मी ते वाचलं नाही असंही म्हणणार नाही."

कॉलेजच्या फाटकापाशी बाकावर बाबा बसले होते. कामाच्या कपड्यांतच. तिला पाहून उठले.

"झालं?"

"झालं."

"मग वही दे माझ्याकडे. हॉस्पिटलात चौकशी चालू आहे ना, तिथे न्यायचीये."

"बाबा, नुसतं सांगितलंत तरी..."

"नुसतं सांगायला गेलो तर अर्ध्यात गिळून टाकेन," बाबा म्हणाले. "इतके दिवस रोज तेच करतोय. लिहिलेलं पुढे ठेवलं की माघार घेता येत नाही."

थोरलीनं मला दिलं नाही. "मी येते बरोबर," ती म्हणाली. वाटेत मी दोघांच्या मधल्या बाजूला होते आणि पिशवीचा एकेक बंद एकेकाच्या हातात होता.

चौकशीच्या खोलीत बाबांनी मला टेबलावर उघडून ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी वाचलं. सुपरवायझरला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं वाचलं, आणि म्हणाला की ही पोरीची गोष्टीची वही आहे, हिला काय अर्थ आहे. अधिकाऱ्यांनी त्याला वरच्या मशीनरूमच्या किल्लीची नोंद दाखवायला सांगितलं. त्या महिन्यात किल्ली कुणीच नेली नव्हती. त्यानंतर तो खुर्चीवर बसला आणि पाणी मागितलं.

पुढचं माझ्या कानावर आलं तेवढं सांगते; सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. बाबांची नोकरी गेली आणि परवानाही अडकला. आता ते एका गाळ्यात पाण्याचे पंप दुरुस्त करतात. मजलेकाका कामावर परतले. त्या बाईचा पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. तिचा दावा मात्र आता खऱ्या जबाबदार माणसांवर चालू आहे. आईनं थोरलीशी तीन आठवडे अबोला धरला. "तुझ्या वहीनं घर बसवलं," एवढंच ती एकदा म्हणाली होती, आणि 'बसवलं' म्हणजे तिला 'बुडवलं' म्हणायचं होतं, हे सगळ्यांना कळलं होतं.

मी अजून त्या चौकशीच्या कार्यालयातच आहे. लोखंडी कपाटात, दोन फायलींच्या मधे. माझ्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी आहे: 'जोडपत्र सात'. इथे अंधार आहे, कोरडं आहे, आणि कुणी माझ्यात काही खोडत नाही. चांगल्या वहीसाठी ही जागा नाही.

गेल्या मंगळवारी कपाट उघडलं. थोरली आली होती. निबंधाची पानं उतरवून घ्यायची परवानगी तिनं अर्ज करून मिळवली होती. बरोबर आई होती. थोरलीला एकटीला कचेरीत बसावं लागू नये म्हणून आले, असं तिनं कारकुनाला दोनदा सांगितलं. आई बाजूच्या खुर्चीवर पदर सावरून बसली आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली.

थोरली लिहीत गेली. सहासष्टावं पान आलं तेव्हा तिनं हात थांबवला आणि मला आईपुढे सरकवलं.

आईनं हे पान कधी पाहिलं नव्हतं. तिनं चष्मा शोधला, लावला. आपण बोललेलं वाक्य तिथे लिहिलेलं पाहून तिचा चेहरा ओढला गेला. मग तिची नजर समासाकडे गेली. बाबांच्या त्या सात ओळी तिनं फार सावकाश वाचल्या. वाचून झाल्यावर तळहातानं पान सपाट केलं, शिवणीजवळ जिथे कापलं होतं तिथे बोट ठेवून जरा दाबून धरलं.

"माझ्याशी संसारात एका दमात एवढं बोलले नाहीत कधी," ती म्हणाली.

थोरली खाली मान घालून बसली होती. तिच्या हातातलं पेन हलत नव्हतं.

आईनं कारकुनाकडे वळून विचारलं, "ही परत मिळते का हो?"

"निकाल लागल्यावर. वर्ष जाईल, दोनही जातील."

"चालेल," आई म्हणाली. "पण ओल लागू देऊ नका. आणि वर जड फायली ठेवू नका, शिवण कच्ची झालीये."

कारकुनानं मला फायलींच्या वर ठेवलं. माझी अठ्ठ्याण्णव पानं अजून कोरी आहेत. मला कुणी विचारणार नाही, पण विचारलंच तर माझं एकच मागणं आहे: निकाल लागला की मला दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. त्या दोघी येतील.